पेढीची गाडी : भार पेलणारे वेगळे, हेलकावा थांबवणारे वेगळे

पावसाळा सरून रस्ते कोरडे होऊ लागले की शहापूर-मुरबाडकडच्या गॅरेजांपुढे गाड्यांची रीघ लागते. मालकाची तक्रार बहुधा एका वाक्याची असते : 'गाडी फार आदळते.' मिस्त्रीचे उत्तरही बहुधा एका वाक्याचे असते : 'शॉकअप गेले, बदलून टाकू.' ते उत्तर कधी बरोबर असते, कधी नसते. पण मालकाला ते पारखता येत नाही हे मात्र नित्याचे. कापडाचा पोत बोटांनी ओळखणारे आणि तांदळाचा दाणा दाताखाली धरून त्याचा ओलावा सांगणारे आपले व्यापारी गाडीच्या बाबतीत बिलावर जो आकडा येईल तो मुकाट्याने चुकता करतात. मागील लेखात टायरविषयी लिहिले होते. या वेळी टायरच्या वरचा, चाक आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारा जो सगळा संसार आहे, ज्याला आपण सस्पेन्शन म्हणतो, त्याचे भाग समजून घेऊ.

डोळखांबचे उदाहरण घेतो, कारण त्या वाटेवर एकाच गाडीला एकाच दिवसात तीन प्रकारचे जगणे जगावे लागते. वाशीच्या बाजारातून किंवा भिवंडीच्या गोदामातून माल भरून निघालेली पिकअप मुंबई-नाशिक महामार्गावर आसनगावपर्यंत वेगाने येते. शहापूरहून आत वळले की रस्ता अरुंद होतो, डांबराच्या कडा तुटलेल्या असतात, साइडपट्टी खचलेली असते आणि पावसात पडलेले खड्डे मुरूम-खडीने बुजवून पुन्हा उखडलेले असतात. डोळखांबच्या पुढे साकुर्ली, डेहणे या बाजूला, आजोबा डोंगराच्या पायथ्याकडे सरकावे तसा सह्याद्री जवळ येतो आणि पाऊस रस्त्याला अधिकच झोडपतो. माल उतरला की तीच गाडी रिकामी परत निघते. म्हणजे भरलेली आणि वेगात, भरलेली आणि खड्ड्यांत, रिकामी आणि खड्ड्यांत, अशा तिन्ही अवस्था तिने सारख्याच नेटाने सांभाळाव्यात अशी आपली अपेक्षा असते. कोणतेही एक सस्पेन्शन या तिन्हींना सर्वोत्तम ठरू शकत नाही. कारखानदार त्यातून मध्यम मार्ग काढतो आणि आपण गॅरेजात जाऊन तो मध्यम मार्ग बिघडवतो.

प्रथम भार पेलणाऱ्या भागाकडे वळू. बैलगाडीला स्प्रिंग नसते. दगडावर चाक चढले की तो धक्का आसातून थेट बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत जातो. टांग्याला मात्र कमानी असतात. इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट नावाच्या गाडीकाराने १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार कमानींच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले आणि घोडागाडीचा सांगाडा त्या कमानींवर तोलला. पुढे हीच कमान मोटारीत आली. आपल्या मालवाहू गाड्यांच्या मागच्या चाकांवर ती आजही बसलेली दिसते. गॅरेजात तिला 'पाटा' म्हणतात.

पाट्यांचा जुडगा नीट पाहावा. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात आणि त्या डोळ्यांत बुश बसवून तो सांगाड्याला अडकवलेला असतो. त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे. मध्यभागी सगळ्यांना आरपार बांधणारा सेंटर बोल्ट आणि अ‍ॅक्सलशी जखडून ठेवणारे यू बोल्ट. भार आला की कमान सपाट होते, म्हणजे तिची लांबी किंचित वाढते. ती वाढ सामावून घेण्यासाठी एका टोकाला झुलता दुवा असतो, त्याला शॅकल म्हणतात. शॅकलची पिन गंजून घट्ट झाली तर कमान लांबू शकत नाही आणि चांगली असूनही दगडासारखी वागते. पाटे नवे घालण्याआधी ही पिन मोकळी आहे का एवढे पाहिले तरी कित्येकदा खर्च टळतो.

यू बोल्ट हा तर सर्वांत दुर्लक्षित भाग. तो सैल झाला की पाटे आपसांत हलू लागतात, सगळा ताण सेंटर बोल्टवर आणि त्याच्या छिद्रावर येतो आणि पाटा नेमका तिथेच तुटतो. सेंटर बोल्ट कापला गेला तर अ‍ॅक्सल जागचा सरकतो. मग मागून पाहणाऱ्याला गाडी रस्त्यावर तिरकी धावताना दिसते. नवे पाटे घातल्यावर काही दिवस माल वाहून झाला की यू बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यावे लागतात, कारण नवा जुडगा बसता बसता थोडा दबतो. फार थोडे मालक त्यासाठी परत गॅरेजात जातात.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती', २००५ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याची भारक्षमता सुमारे पाऊण टन होती. पन्नास किलोची पोती धरली तर पंधरा पोती. प्रत्यक्षात त्यावर वीस-बावीस पोती चढतात हे आपण सर्वजण जाणतो. मग मागचा भाग बसतो, टायर पंख्याला घासू लागतो आणि मालक म्हणतो, 'एक पाटा वाढवा.' पाटा वाढतो, गाडी उंच उभी राहते आणि मालकाला वाटते की क्षमता वाढली.

प्रत्यक्षात काय घडते, याचा हिशेब सोपा आहे. पाच सारख्या जाडीच्या पाट्यांत तसाच सहावा घातला तर कमान ढोबळमानाने एक पंचमांश अधिक ताठ होते. त्याऐवजी पाटे जाड घातले तर परिणाम याहून मोठा असतो, कारण पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी फक्त पावपट वाढवली तरी ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. भरलेल्या गाडीला हे कदाचित सुखाचे वाटेल. पण डोळखांबला माल उतरवून रिकामी निघालेली तीच गाडी प्रत्येक खड्ड्यावर चेंडूसारखी उडते, मागची चाके रस्ता सोडतात आणि ओल्या वळणावर ब्रेक दाबला की पाठीमागचा भाग फेकला जातो. शिवाय वाढला तो फक्त पाटा. अ‍ॅक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच, टायर तेच, चॅसी तीच. नोंदणीपुस्तकातले एकूण वजनही तेवढेच राहते, आणि अपघातानंतर विमा कंपनी ते पुस्तकच पाहते. पूर्वी पाटा बसून आपल्याला इशारा देत असे. तो इशाराच आपण पैसे देऊन बंद करतो.

एवढा भार रोजचाच असेल तर मोठी गाडी घ्यावी किंवा दोन फेऱ्या कराव्यात. हे ऐकायला कटू आहे, याची मला कल्पना आहे. डिझेलचा भाव पाहता दुसरी फेरी कोणाला नको वाटणार नाही? पण पहिल्या फेरीचा खर्च मांडताना त्यात टायर, पाटे आणि ब्रेक यांची झीज धरायची राहून जाते, म्हणून ती स्वस्त दिसते.

स्प्रिंगचा एक स्वभावदोष आहे. ती धक्का साठवते आणि लगेच परत करते. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उसळते, उसळून पुन्हा दबते, आणि तिला कोणी आवरले नाही तर गाडी हेलकावतच राहते. तिला आवरणारा भाग म्हणजे शॉकअप. त्याच्या नावामुळेच सगळा घोटाळा झाला आहे. धक्का तो शोषतो असे वाटते. धक्का घेते स्प्रिंग, आणि शॉकअप त्यानंतरचा हेलकावा मारतो. आत तेलाने भरलेली नळी असते, तिच्यात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक झडपा असतात. चाक वरखाली झाले की त्या झडपांतून तेल जबरदस्तीने जाते आणि हालचालीची शक्ती उष्णतेत बदलते. बहुतेक शॉकअप दबताना कमी आणि ताणले जाताना अधिक विरोध करतात, म्हणजे चाकाला खड्ड्यावरून वर उचलू देतात, पण स्प्रिंगला मोकाट उसळू देत नाहीत.

यातून पारख करण्याची एक जुनी युक्ती निघते. खराब रस्त्यावरून बराच वेळ चालवून आल्यावर गाडी थांबवावी आणि चारही शॉकअपना जपून हात लावून पाहावा. सायलेन्सर जवळ असेल तर हात भाजणार नाही याची काळजी घ्यावी. काम करणारा शॉकअप कोमट किंवा गरम असतो. तीन गरम आणि एक थंड लागला तर तो थंड शॉकअप झोपलेला आहे असे समजावे. नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर पुराव्याची गरजच नाही. घरच्या मोटारीसाठी आणखी सोपी परीक्षा आहे. एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी दाबावी आणि सोडावी. ती वर येऊन स्थिर झाली तर ठीक. दोन-तीन झोके घेतले तर शॉकअप थकला आहे. ताठ पाट्यांच्या मालगाडीला ही दुसरी परीक्षा लागू पडत नाही, कारण माणसाच्या जोराने ती दबतच नाही.

म्हणून मागचा भाग बसलेला दिसतो अशी तक्रार असेल आणि मिस्त्री शॉकअप बदलायला सांगत असेल, तर त्याला थांबवून प्रश्न विचारावा. साधा तेलाचा शॉकअप गाडी उचलून धरत नाही. उंची स्प्रिंग देते. उलट, गाडीची उंची ठीक आहे पण गतिरोधकावरून उतरल्यावर ती बराच वेळ डोलत राहते, टायरच्या कडेवर हाताला लागतील असे उंचवटे-खळगे पडले आहेत, तर दोष शॉकअपचा असण्याचा संभव अधिक, आणि तेथे पाटे वाढवून काहीही साधणार नाही.

घरच्या मोटारींचा विषय निघालाच आहे तर थोडे इतिहासात जाऊ. आपल्यापैकी अनेकांच्या घरची पहिली गाडी फियाट किंवा पद्मिनी होती. ती कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात बनत असे, आणि तो उद्योग १९४४ मध्ये उभा केला शेठ वालचंद हिराचंद यांनी. सोलापूरच्या दोशी घराण्यात १८८२ मध्ये जन्मलेल्या या जैन उद्योजकाचे शहापूर तालुक्याशीही नाते आहे. तानसा तलावातून मुंबईला पाणी नेणाऱ्या नळांचे काम त्यांच्या ठेकेदारीच्या मोठ्या कामांत मोडते. पद्मिनीच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोणी हात होते आणि त्यांच्यामध्ये गुंडाळी स्प्रिंग. मागे मात्र बैठ्या अ‍ॅक्सलवर पाट्यांच्या कमानी. पुढे शहर, मागे गाव, असे मी गमतीने म्हणतो. तिच्या समकालीन अँबॅसडरच्या मागेही पाटेच होते. पुढे गुंडाळीऐवजी पीळ घेणारी पोलादी दांडी स्प्रिंगचे काम करीत असे. या गाड्या डिकीत माल, टपावर माल आणि आत सात माणसे घेऊन लग्नांना गेल्या, त्यात त्या मागच्या पाट्यांचा वाटा मोठा होता. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली.

आजच्या लहान मोटारींत पुढच्या बाजूला दोन त्रिकोणी हातांऐवजी स्ट्रट असतो. फोर्ड कंपनीत काम केलेल्या अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याच्या नावाने ही रचना ओळखली जाते. गुंडाळी स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात बसवलेले, वर त्याला सांगाड्याशी जोडणारे रबरी माउंटिंग, खाली एकच लोअर आर्म. जागा कमी लागते, भाग कमी लागतात, गाडी स्वस्त होते. मात्र हाच खांब चाकाला उभा धरतो, म्हणून तो वाकला की चाकाचा कोनच बिघडतो. भरधाव गाडी खोल खड्ड्यात गेली की हेच घडते. वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते. महामार्गावरून आत वळल्यावरही पाय महामार्गाच्याच सवयीने पेडलवर राहिला तर त्याचा पहिला फटका टायर, रिम आणि स्ट्रट यांना बसतो.

उरला तिसरा गट, चाकाला जागेवर धरून ठेवणाऱ्या भागांचा. किमतीने लहान आणि धोक्याने सर्वांत मोठा. लोअर आर्म सांगाड्याला जिथे जोडला जातो तिथे रबरी बुश असतात आणि चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट असतो, मांडीच्या हाडाच्या खोबणीतील गोळ्यासारखा. डावे-उजवे चाक एका दांडीने जोडलेले असते. ती स्टॅबिलायझर बार वळणावर गाडीला एका बाजूला फार झुकू देत नाही, आणि तिच्या टोकांना लहान लिंक असतात. लहान-लहान खड्ड्यांवर हळू वेगातही 'टक टक' आवाज येत असेल तर बहुधा या लिंक सैल झालेल्या असतात. तो आवाज कानाला त्रास देतो, पण खर्च थोडा आणि धोका त्या मानाने कमी. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना वरून कडकड ऐकू आली तर स्ट्रटचे माउंटिंग पाहावे. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर आतल्या कडेला झिजते, तर बुश आणि चाकाचा कोन तपासावा. बॉल जॉइंटमध्ये खेळ आला आहे असे मिस्त्री म्हणाला तर मात्र 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नये. तो निखळला की चाक बाहेर पडते, आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी आपली राहत नाही. या भागात एका बाजूला कसारा घाट आणि दुसऱ्या बाजूला माळशेज घाट आहे. तिथल्या उतारावर असे घडले तर काय होईल, हे लिहिण्याची आवश्यकता नाही.

बॉल जॉइंटवर रबराची लहान टोपी असते. भातखाचरांमधल्या वाटांचा चिखल तिच्यावर वाळतो, रबर तडकते, आत पाणी-माती शिरते आणि आतले ग्रीस निघून जाते. पावसाळ्यानंतर गाडीचे तळ धुवून घ्यावे ते याकरिता. धुताना वरच्या रंगाकडे जितके लक्ष देतो त्याच्या निम्मे जरी खाली दिले तरी फाटलेली टोपी वेळेवर दिसते.

ब्रेक आणि सस्पेन्शन यांचा संबंध पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ब्रेक चाक थांबवतो, पण गाडी थांबते ती चाक आणि रस्ता यांच्या पकडीमुळे. शॉकअप थकलेला असेल तर उखडलेल्या रस्त्यावर चाक नाचते, आणि ज्या क्षणी ते हवेत असते त्या क्षणी ब्रेकचा उपयोग शून्य असतो. थांबण्याचे अंतर त्यामुळे वाढते. चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा झाली की साधु-साध्वींचे विहार सुरू होतात. शहापूरजवळच्या मानस मंदिराकडे येणारे-जाणारे पाय याच महामार्गाच्या कडेने चालतात, पुष्कळदा पहाटेच्या अंधुक उजेडात. आसपासच्या पाड्यांवरून शाळेत निघालेली मुलेही अशाच वेळी रस्त्याच्या कडेला असतात. माझ्या मते सस्पेन्शनची वार्षिक तपासणी दिवाळीच्या साफसफाईबरोबरच उरकावी. पावसाने केलेले नुकसान तेव्हा ताजे दिसते आणि रस्त्यावरची पायी वर्दळ त्यानंतरच वाढते.

तपासणीनंतर काम निघाले तर काही गोष्टी आग्रहाने सांगाव्यात. शॉकअप आणि गुंडाळी स्प्रिंग एका अ‍ॅक्सलवर जोडीने बदलावेत. एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी डावी-उजवी वेगळी वागते. लोअर आर्म किंवा स्ट्रट उघडला असेल तर काम संपल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी, अन्यथा नवे टायर काही महिन्यांत एका कडेने खाल्ले जातील. तिसरी गोष्ट मिस्त्रींनाही क्वचितच कोणी सांगते. रबरी बुश असलेले बोल्ट शेवटचे आवळताना गाडी जॅकवर लटकलेली असू नये; चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार त्यांच्यावर आलेला असावा. लटकत्या अवस्थेत बोल्ट आवळला तर रबर त्याच स्थितीत पकडले जाते आणि गाडी खाली उतरताच कायमचे पिळलेले राहते. असा बुश लवकर फाटतो, आणि मग दोष कंपनीच्या मालाला दिला जातो.

बिल देताना काढलेला जुना भाग परत मागावा. तो गॅरेजमध्येच उन्हात नेऊन पाहावा : शॉकअपची दांडी हाताने दाबून सोडली तर विरोध लागतो का, बुशच्या रबराला चीर आहे का, बॉल जॉइंट बोटांनी सहज डुलतो का. मिस्त्री प्रामाणिक असेल तर तो स्वतःच आनंदाने दाखवील, आणि पुढच्या वेळी गाडी वर घेतल्यावर आपल्याला हाक मारून खाली काय दिसते ते सांगेल.